रात्री टाकी किती उतरते? जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीचं प्रकरण

जुळे सोलापुरात सोळा फ्लॅटची एक बिल्डिंग आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, दर मजल्यावर चार घरं. चौदा घरांत मिळून बावन्न माणसं राहतात. उरलेल्या दोन घरांना कुलूप आहे, कारण मालक पुण्यात नोकरीला. मी या सोसायटीचे हिशेब तपासतो, त्यामुळे वह्या, टँकरच्या पावत्या, सभेची इतिवृत्तं आणि ग्रुपवरचे मेसेज, सगळं माझ्या नजरेखालून गेलं. काही माणसांशी बोललोही. सभासदांची परवानगी घेऊन हे लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आकडे वहीतलेच आहेत.

प्रकरण साधं आहे. पाचव्या दिवसापर्यंत पुरणारं पाणी जानेवारीच्या शेवटापासून चौथ्या दिवशी दुपारीच संपू लागलं. अडीच महिने बिल्डिंग टँकरवर राहिली, शेजाऱ्यांत भांडणं झाली, बोअरसाठी पैसे दिले गेले. दुरुस्तीला शेवटी साडेचारशे रुपये लागले. या दोन टोकांच्या मध्ये काय घडलं ते नीट मांडावं असं मला वाटलं, कारण या बिल्डिंगीत शिकलेल्या माणसांची कमतरता नव्हती. दोन इंजिनिअर, एक बँक अधिकारी, तीन शिक्षक आणि स्थापत्य शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक तिथे राहतात.

पाणी कसं येतं

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. सोलापूर शहराला उजनी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी येतं. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलतात, आणि थोडं पाणी हिप्परग्याहून, म्हणजे १८७१ साली पूर्ण झालेल्या एकरुख तलावातून मिळतं. एवढे स्रोत असूनही नळाला रोज पाणी येत नाही. या बिल्डिंगीला पाचव्या दिवशी येतं. पाहुणे कधी बोलवायचे, चादरी कधी धुवायच्या, हे सोलापुरात पाण्याच्या दिवसावर ठरतं.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पाणी त्या पातळीखाली गेलं की आकडा उणे टक्क्यांत सांगतात. ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी सोलापूरकर उन्हाळ्यात रोज वाचतात. पाण्याचं काहीही बिनसलं की आपलं बोट आपोआप तिकडे वळतं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

बिल्डिंगीची जमिनीखालची टाकी आतून चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद. भरली की तिच्यात साधारण २२,००० लिटर पाणी मावतं. गच्चीवर पाच-पाच हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या आहेत. ‘अ’ टाकीवर आठ घरं, ‘ब’ टाकीवर आठ. म्हणजे एकूण साठा ३२,००० लिटर, पाच दिवसांसाठी. दिवसाला ६,४०० लिटर, माणशी १२३ लिटर. मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात. त्यापेक्षा थोडं कमी, पण भागत होतं. वर्षानुवर्षं भागलं होतं.

सभेत काय ठरलं

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सभा झाली. इतिवृत्तात तीन कारणं नोंदवली आहेत. एक, महापालिका कमी दाबाने पाणी सोडते. दोन, तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू पाणी वाया घालवतात. तीन, खालची टाकी जुनी झाली, झिरपत असणार.

पहिल्या कारणावर सगळ्यांचं एकमत होतं आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही. घेणार तरी कशी? शहरात पाण्याची टंचाई आहे हे खरंच आहे. पण खालची टाकी दर पाचव्या दिवशी काठोकाठ भरून मोटर बंद करावी लागत होती, हे वॉचमन मामांना माहीत होतं. टाकी भरत असेल तर दाब कमी की जास्त याने काय फरक पडतो? मामांना सभेत बोलावलंच नव्हतं. रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगीलाही त्याच लाइनचं पाणी येतं. त्यांना पुरतंय का, हे विचारायला कुणी रस्ता ओलांडला नाही. मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच वाटते. मोठं कारण खरं असलं की त्याच्या आड छोटं कारण लपून जातं. उजनी फेब्रुवारीत अजून मायनसमध्ये गेलेली नव्हती, तरी लोकांच्या बोलण्यात ती आधीच गेली होती.

दुसऱ्या कारणाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्या घरात सात माणसं, त्यांत दोन लहान मुलं आणि एक आजारी आजी. कपडे जास्त, मशीन रोज चालायचं. ग्रुपवर मेसेज सुरू झाले. ‘काही जणांना पाण्याची किंमत नाही.’ ‘भाडेकरूंना काय पडलंय?’ त्यांनी टँकरचा दुप्पट वाटा द्यावा असा ठरावही आला. त्या घरातल्या बाईंनी लिहिलं, ‘आम्ही दोन दिवसाआड मशीन लावतो आता. तरीही कमी पडलं तर सांगा.’ खाली कुणाचंच उत्तर नाही.

इथे गुणाकार-भागाकार पुरेसा होता. ३२,००० लिटर साडेतीन दिवसांत संपत असेल तर रोजचा खर्च नऊ हजारांच्या घरात जातो. पूर्वी ६,४०० होता. म्हणजे रोज अडीच हजार लिटर जास्त जातंय. वीस लिटरच्या बादलीने मोजलं तर सव्वाशे बादल्या. एका घरातल्या सात माणसांनी, आहे त्या वापराच्या वर, दिवसाला सव्वाशे बादल्या ओतल्या असत्या तर जिन्यातून ओढा वाहिला असता. आरोप करण्यापूर्वी हा आकडा कुणीही कागदावर मांडू शकलं असतं. माणसाच्या अब्रूचा प्रश्न असताना तरी एवढं करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या कारणासाठी वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन मागवलं, आणि त्याच सभेत बोअरही मंजूर झाला. मार्चमध्ये पाणाड्या आला. तळहातावर नारळ घेऊन तो आवारात फिरला आणि गेटजवळ जागा दाखवली. बोअरच्या गाडीवाल्याला २५,००० रुपये आगाऊ दिले. आपल्या भागात खाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. त्यात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत. फट लागली तर नशीब, नाहीतर पाचशे फूट जाऊनही धूळच उडते. शेजारच्या प्लॉटवरचा बोअर मार्चमध्येच आटला होता. तोही कुणी जाऊन पाहिला नाही.

अक्कांचा प्रश्न

पहिल्या मजल्यावर एक अक्का राहतात. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्या पुष्कळ वर्षं काट्यावर होत्या. सूत वजन करून द्यायचं, विणून आलेला माल वजन करून घ्यायचा, मधली घट वहीत लिहायची. घट ठरल्यापेक्षा जास्त निघाली की शोधायचं, कुठे गेली. मी त्यांना त्या कामाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. पावसाळ्यात सूत दमट होतं आणि त्याचं वजन वाढतं. ओल्या दिवशी दिलेलं सूत आणि कोरड्या दिवशी आलेला माल यांची तुलना केली तर विणकर चोर ठरतो. ‘म्हणून आधी काटा बघायचा, मग माणूस,’ असं त्या म्हणाल्या.

एप्रिलच्या सभेत अक्का प्रथमच बोलल्या. इतिवृत्तात एकच ओळ आहे, पण हजर असलेल्या दोघांनी मला त्यांचं बोलणं जवळपास सारखंच सांगितलं.

‘सर, रात्री बारा ते चार कोण पाणी वापरतंय?’

‘कुणी नाही, अक्का.’

‘मग रात्रीच मोजा की. कुणी वापरत नसताना टाकी उतरली तर पाणी कुठंतरी पळतंय. नाही उतरली तर आपणच जास्त वापरतोय. मग भांडा.’

प्राध्यापक तिथेच उठले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. आजच मोजू.’ शहराच्या पाणीपुरवठ्यात गळती शोधण्यासाठी हीच पद्धत वापरतात, रात्रीचा किमान प्रवाह मोजतात. प्राध्यापकांना ती माहीत होती. विद्यार्थ्यांना त्यांनी ती शिकवलीही असेल. आपल्या डोक्यावरच्या टाकीला ती लागू होते हे मात्र आठवलं नव्हतं. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. अक्कांच्या प्रश्नाला माप आणि हिशेब मिळाला तो प्राध्यापकांमुळेच. शिक्षण आणि व्यवहारज्ञान यांची झुंज लावून टाळ्या घेणाऱ्या गोष्टी मला पटत नाहीत. इथे दोघांची गरज होती, आणि दोघं एकाच जिन्याने रोज ये-जा करत होते.

दोन रात्री

साधनं अशी : एक लांब काठी, खडू, मोजपट्टी, वही. काठीच्या खालच्या भागावर खडू घासायचा, काठी टाकीच्या तळापर्यंत उभी सोडायची आणि बाहेर काढायची. पाण्यात गेलेला खडू ओला होतो, रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेपर्यंत मोजायचं. खाली मोटरचा ऑटो स्विच बंद केला, नाहीतर टाकी रात्रीत पुन्हा भरली असती आणि मोजमापाला काही अर्थ राहिला नसता.

गच्चीवरच्या टाकीचा व्यास सुमारे १.८ मीटर. म्हणजे एक सेंटीमीटर उतरली की साधारण २५ लिटर गेले. खालच्या टाकीचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटर, तिथे एक सेंटीमीटर म्हणजे १०० लिटर. काठीच्या मापात अर्धा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच, तेवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही हेही आधीच ठरलं. अक्कांच्या काट्यावरची शिस्त इथे कामी आली.

रात्री साडेअकराला पहिली नोंद, पहाटे साडेचारला दुसरी. खालची टाकी जशीच्या तशी होती, म्हणजे ती झिरपत नव्हती. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन तिथेच बाद झालं. ‘ब’ टाकी दोन सेंटीमीटर उतरली. पन्नास लिटर, रात्री कुणी उठलं असेल. ‘अ’ टाकी एकवीस सेंटीमीटर उतरली होती.

पाच तासांत ५२५ लिटर. तासाला १०५. चोवीस तासांत २,५२०. सभेच्या दिवशी सहज काढता आला असता तो अडीच हजारांचा आकडा पहाटे काठीवर दिसला. माणशी १३५ लिटर धरलं तर बिल्डिंगीत अठरा-एकोणीस माणसं जास्तीची राहत होती, कुणाला न दिसता.

तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू ‘ब’ टाकीवर होते.

दुसऱ्या रात्री शोध आणखी आवळला. ‘अ’ टाकीतून दोन पाइप खाली उतरतात आणि प्रत्येकावर एकाखाली एक अशी चार घरं आहेत. रात्री एक व्हॉल्व्ह बंद केला, दुसरा चालू ठेवला. अडीच तासांनी माप घेतलं, मग उलट केलं. पूर्वेकडचा पाइप बंद असताना टाकी जवळजवळ हललीच नाही. तो चालू असताना साडेदहा सेंटीमीटर उतरली. आठ घरांतून चार उरली. वॉचमन मामांनी त्या बाजूच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उचललं. पहाटेचे चार वाजलेले, सगळी बिल्डिंग झोपलेली, आणि चेंबरमध्ये करंगळीएवढी स्वच्छ पाण्याची धार अखंड पडत होती. मग मामा चारही दारांना कान लावत वर गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद दारामागून बारीक ‘सूऽऽ’ असा आवाज येत होता.

कुलपामागे

त्या घराची किल्ली मालकांच्या बहिणीकडे, अशोक चौकाजवळ होती. सकाळी दहाला दार उघडलं. मागच्या बाथरूममधली फ्लशची टाकी भरतच होती. आत येणारं पाणी थांबवणाऱ्या व्हॉल्व्हवर क्षार बसून तो अडकला होता. टाकी भरली की जादा पाणी मधल्या नळीतून भांड्यात आणि तिथून ड्रेनेजला. जमिनीवर थेंब नाही, भिंतीला ओल नाही, छताला डाग नाही. खालच्या घराला कळण्याचा प्रश्नच नव्हता. प्लंबरने अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद केला, आवाज थांबला. नवा व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये.

मालकांना फोन केला तेव्हा समजलं की ते जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला आले होते. अक्षता सोहळा पाहिला, मुलांना होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, दाखवला, चार दिवस राहिले आणि परत गेले. त्यानंतर दहाएक दिवसांतच बिल्डिंगीत पहिला टँकर आला. ‘पाणी कमी पडतंय’ हे शंभरदा बोललं गेलं, पण ‘नेमकं कधीपासून, आणि त्या सुमारास बिल्डिंगीत वेगळं काय घडलं’ हे इतिवृत्तांत एकदाही आलेलं नाही. कुणी विचारलं असतं तर मामा सांगणार होते. कुलूप कधी उघडलं, कधी लागलं, हे त्यांना पाठ होतं.

हिशेब

वहीत टँकरच्या ३२ पावत्या आहेत, प्रत्येकी १,२०० रुपये. म्हणजे ३८,४०० रुपये. बोअरचे आगाऊ २५,०००. ते परत मिळाले नाहीत. गाडीवाला म्हणतो, कधीही खोदून घ्या. पाणाड्याची दक्षिणा वेगळी. टँकरचं पाणी जड, त्यामुळे तीन घरांतले गीझर क्षारांनी खराब झाले. तो खर्च ज्याचा त्याने केला.

ही तपासणी सगळं पकडते असा दावा मी करणार नाही. महापालिकेची लाइन टाकीपर्यंत पोचण्याआधीच फुटली असेल तर रात्रीच्या काठीला ते दिसणार नाही. दिवसा ठरावीक वेळीच होणारी गळती, उदाहरणार्थ टाकी भरताना वरून सांडणारं पाणी, तीही सुटेल. आणि टाकी उतरली नसती तर ‘आपणच जास्त वापरतोय’ हे मान्य करणं पाइप शोधण्यापेक्षा अवघड गेलं असतं. अक्कांच्या प्रश्नाचं मोल माझ्या मते यात आहे की तो दोन्हीकडे जाऊ शकत होता. उत्तर काहीही आलं तरी चालेल अशा तयारीने त्यांनी तो विचारला होता. सभेतली बाकीची माणसं उत्तर घेऊन आली होती. शिवाय तो फुकटात विचारता येत होता आणि त्याने कुणाचं नुकसान होणार नव्हतं. बोअर एकदा खोदला की बुजवून पैसे परत येत नाहीत, आणि ग्रुपवर लिहिलेलं ‘भाडेकरूंना काय पडलंय’ हे वाक्यही मागे घेता येत नाही.

तीच युक्ती विजेच्या बिलालाही चालते. बिल अचानक वाढलं तर मीटर बदलण्याचा अर्ज करण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करा, प्लग काढा आणि मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी जातेय. या बिल्डिंगीतल्या एका घराने मे महिन्यात हेच केलं आणि गच्चीवर गेलेली, विसरलेली एक वायर सापडली.

अध्यक्ष सर स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले, माफी मागितली. दुप्पट वाट्याचा ठराव रद्द झाला, घेतलेले पैसे परत दिले. त्या बाईंनी चहा केला, ‘असू द्या सर’ म्हणाल्या. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी त्यांनी घर सोडलं आणि होटगी रोडकडे राहायला गेले. कारण विचारलं तर शाळा जवळ पडते असं सांगितलं.

सोसायटीने आता दोन गोष्टी लावून घेतल्या आहेत. बंद घरांतले सगळे अँगल कॉक बंद करून एक किल्ली मामांकडे ठेवायची, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री तिन्ही टाक्या मोजायच्या. काठी मामांच्या खोलीत आहे, खडू प्राध्यापक आणून देतात, वहीवर अक्का सही करतात. गेल्या महिन्याच्या नोंदीत ‘ब’ टाकी पाच सेंटीमीटर उतरलेली दिसते, आधीच्या महिन्यात दोन होती. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या जोडावर संशय आहे. येत्या शनिवारी रात्री त्याचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा मोजायचं ठरलंय, आणि तोपर्यंत ग्रुपवर त्याबद्दल कुणी काही लिहायचं नाही असंही.